उपाशी आवळीभोजन

कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवलं की पुण्य लागतं. आमच्या गल्लीतल्या बायका ते पुण्य गावाबाहेरच्या मळ्यात उरकून यायच्या. विहीर जवळ, सावली दाट, दुपारच्याला घरी परत. माझ्या सासूला ते मुळीच पटत नसे. "मळ्यातली आवळी म्हंजे दावणीचं जनावर," ती म्हणायची. "आवळी बघायची तर डोंगरात जावं." वर्षभर चूल आणि दुकान यांच्यात मान मोडून राबणारी ही बाई त्या एका दिवसापुरती कुणाचं ऐकत नसे, माझ्या सासऱ्यांचंसुद्धा.

राज्य निजामाचं होतं. सरकारी कागदावर आमचं गाव मोमिनाबाद आणि लोकांच्या तोंडी अंबाजोगाई. बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. मी सतरा वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर गोदाकाठच्या सपाट काळ्या रानातलं, त्यामुळे डोंगर मी कधी आतून पाहिलेला नव्हता. त्या वर्षी सासूने मला बरोबर घेतलं, ते काही प्रेमाने नव्हे. डबे उचलायला कुणीतरी हवं होतं. तिची जीभ फटकळ आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, तेव्हा आम्ही दोघी कामापुरतंच बोलत असू.

निघायच्या आदल्या संध्याकाळीच चकमक झाली. आम्ही लिंगायत. आमच्यात बाई असो की पुरुष, गळ्यातल्या दोऱ्यात बोटाच्या पेराएवढं शिवलिंग असतं. रोज ते तळहातावर घेऊन पूजायचं, मगच तोंडात घास. अंगावरून ते दूर होऊ द्यायचं नाही. हरवलं तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आणि सापडलंच नाही तर त्या माणसाने जगू नये, असं म्हाताऱ्या बायका भाजी निवडता निवडता सांगायच्या. माझं लिंग चांदीच्या डबीत असे. घाटात वाटमारी होते, म्हणून सासू म्हणाली, चांदी घरी ठेव आणि लिंग फडक्यात बांधून घाल. मी दुकानातला रेशमी खणाचा तुकडा काढला.

"रेशमाची गाठ बसत न्हाई," ती म्हणाली. "सुती जुनेर घे."

"बसेल," मी म्हणाले. जुनेराची पुरचुंडी गळ्यात घालून मिरवायला मी काय म्हातारी होते?

उजाडताच धमणी दाराशी आली. छत असलेली हलकी बैलगाडी, आत गवतावर घोंगडी. गाडीवान नेकनूरकडचा, दरवर्षी तोच. गाव मागे पडलं, फौजेच्या छावणीतले घोडे पाण्यावर निघाले होते तेही मागे पडले, आणि परळीच्या वाटेवर पुढची जमीनच संपली. मी घाबरून सासूचा हात धरला. ती म्हणाली, "घाट हाय तो, खाईत न्हाई."

खाली धुकं होतं आणि धुक्यातून झाडांचे शेंडे वर आले होते. गाडी पळू नये म्हणून गाडीवानाने मागे ओंडका बांधला आणि स्वतः बैलांच्या पुढे चालू लागला. मला आत बसवेना. मीही उतरले. दर वळणावर मी थांबायची आणि दर वळणावर डोंगर निराळाच दिसायचा. एका बाजूला उन्हात पिवळं पडलेलं गवत, दुसऱ्या बाजूला सागाची मोठाली पानं. एका झुडपातून मोर निघाला आणि शेपूट सावरत सडक ओलांडून गेला, अगदी आपल्याच मालकीची असल्यासारखा. सीताफळं तर अशी लगडली होती की हात लावला की गळत होती. पूजेआधी खायची नव्हती, तरी मी वेचून वेचून हात चिकट केले. 

"आक्का, सूनबाईला जंगलातच ठिवायचं का?" गाडीवान हसला.

"ठिव. घरात लई तोंड चालतंय तिचं," सासू म्हणाली. पण ती हसत होती. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. दात सुंदर होते तिचे.

घाट उतरल्यावर एका वडाखाली गाडी सोडली. तिथून पायवाट ओढ्याच्या कडेने वर जाते. चढ फारसा नाही, डोक्यावर डबा घेऊनही दम लागत नाही. ओढ्याला पाऊल बुडेल इतकं स्वच्छ पाणी होतं. वाट जिथे संपते तिथे खडकातून झरा निघतो आणि झऱ्यापाशी ती आवळी. सासूने झाडाच्या बुंध्याला हात लावला आणि माहेरी आल्यासारखी खाली टेकली.

आम्ही झऱ्यावर अंघोळी केल्या, लिंगाची पूजा केली. सासूची पूजा लांबते. माझी भराभर आटोपली, रेशमाची गाठ मारली आणि मी म्हणाले, "आत्याबाई, मी त्या खडकावरून बघून येते." ती मंत्रात होती, तिने नुसती मान हलवली. खडक दिसत होता त्याहून उंच निघाला. गवतातून, बोरीच्या काट्यातून वर चढले. वर पोचले तेव्हा धुकं गेलं होतं. सगळी दरी, आम्ही उतरलो ती सडक, वडाखाली मुंगीएवढे आमचे बैल. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्याने ओरडले. सासरी आल्यापासून मी मोठ्याने ओरडले नव्हते. येताना उड्या मारतच आले.

पळसाच्या पानांवर सासूने धपाटे वाढले, दही, शेंगदाण्याची चटणी, गाडीवानाला थोड्या अंतरावर वेगळं पान. आमच्यात पहिला घास लिंगाला दाखवतात. मी घास उचलला, दुसरा हात गळ्याला नेला. दोरा होता. दोऱ्याला रेशमाचा तुकडा लोंबत होता. मोकळा.

"कावून थांबलीस?" सासू म्हणाली.

"भूक नाही मला."

"एवढा डोंगर चढून भूक न्हाई?" तिने वर पाहिलं, आणि मग तिला माझा हात दिसला. मी वाट पाहत होते, आता म्हणेल, सांगितलं होतं ना. तिने म्हणायलाच हवं होतं, तिचा हक्क होता तो. ती म्हणाली नाही. तिने स्वतःचं पान उचललं, धपाटे परत डब्यात ठेवले आणि गाडीवानाला म्हणाली, "तू खाऊन घे. मग हुडकायला लागायचंय."

"तुमी उपाशी अन् मी खाऊ?" तो म्हणाला, आणि धपाटा हातावर घेऊन चालता चालताच खाऊ लागला.

मग झऱ्यापासून खडकापर्यंतची सकाळची वाट आम्ही पुन्हा चाललो. सकाळी मी मान वर करून चालत होते, आता मान मोडेपर्यंत खाली. खडकावरचं गवत आम्ही बोटांनी विंचरलं. बोरीचे काटे हातात मोडले. प्रत्येक काळी लेंडी, प्रत्येक गोल खडा मला तेच वाटायचं आणि उचलला की नसायचं. पूजा झऱ्यावर झालेली असूनही गाडीवान उगाच आशेने धमणीतलं गवत झाडून आला, घाटाच्या दोन वळणांपर्यंत जाऊन आला. "न्हाई आक्का," एवढंच म्हणाला. उन्हं तापली, घसा कोरडा पडला. झरा शेजारी खळखळत होता आणि मला पिता येत नव्हतं. माझ्यामुळे सासूही पीत नव्हती. तिच्या गळ्यात तर तिचं लिंग होतं, तिला कुणी अडवलं नव्हतं.

उन्हं कलली. गाडीवान म्हणाला, अंधाराच्या आत घाट चढायला हवा. मी आवळीखाली बसले आणि म्हणाले, "तुम्ही जा. मी येत नाही."

मी खरंच भ्याले होते. दिवसभर वाटत होतं सापडेल, आता कळलं की नाही सापडणार. मरायचं म्हणजे कसं मरायचं हेही मला ठाऊक नव्हतं. त्यात भूक अशी लागली होती की डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि त्या भुकेची मला लाज वाटत होती.

"गुरूला सांगितलं तर ते दुसरं देतील ना?" मी विचारलं.

"देतील की. प्रायश्चित्त सांगतील, पंगत घालायला लावतील, साऱ्या बाजाराला कळंल. मग तू जलमभर लिंग हरवलेली." तिने गाडीवानाला हाक मारली. "तू जाऊन बैलं जुंप. आमी आलोच."

तो दिसेनासा झाला तशी ती उठली, लुगडं खोचून ओढ्यात उतरली आणि वाकून खडे बघू लागली. बाजारात वांगी निवडते तशी. एक उचलायची, फिरवायची, टाकायची. मला वाटलं अजूनही ती शोधतेच आहे. ओढ्यात मी गेलेच नव्हते, तिथे कसं सापडणार? शेवटी एक काळा, गुळगुळीत खडा घेऊन ती वर आली. झऱ्यावर तो तीनदा धुतला. आपल्या कमरेच्या पिशवीतलं भस्म लावलं. आणि माझा डावा तळहात उघडून त्यावर ठेवला.

"पूज," ती म्हणाली.

माझा राग तेवढ्यातही नाकावर आलाच. "हा दगड आहे, आत्याबाई! मला काय लहान मूल समजता?"

ती माझ्यापुढे बसली. गळ्यातल्या दोऱ्याची गाठ सोडली, फडकं उलगडलं आणि आपलं लिंग तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरलं. करड्या रंगाचा खडा होता. मधून एक पांढरी रेघ गेलेली. नदीत असतात तसा.

"माझं मांजरा नदी उतरताना गेलतं," ती म्हणाली. "तुझ्याएवढीच व्हते. सासू माझी इस्तवासारखी. सांगायची छाती झाली न्हाई. दीड दिस थेंब प्याले न्हाई, मग ह्यो उचलला."

"आणि कुणाला सांगितलं?"

"कुणाला न्हाई. तूच पयली."

गल्लीतल्या सगळ्या बायका जिचा सोवळेपणा वाखाणायच्या, जी पूजेत कुणाला शिंकू देत नसे, ती ही बाई. मला फसवणूक वाटायला हवी होती. वाटली ती नुसती माया, आणि दीड दिवस तहानलेली, कुणालाच न सांगता येणारी एक पोर डोळ्यांपुढे आली.

"तुझा नवरा म्या ह्याच्याच म्होरं मागितला," ती म्हणाली. "आठ वर्सं मागितला. दिला का न्हाई ह्यानं? मग तूच सांग, ह्यो दगूड हाय का देव हाय."

मी पूजा केली. सासूने आपल्या लुगड्याचा काठ दातांनी फाडला, त्यात खडा बांधला आणि माझ्या गळ्यात घातला. गाठ तिने स्वतः मारली, दोनदा ओढून पाहिली. मग आम्ही धपाटे खाल्ले. दही आंबून गेलं होतं, धपाटे चामड्यासारखे झाले होते, आणि तसं जेवण मी आयुष्यात पुन्हा जेवले नाही. आवळीचे चार आवळे चावून वर झऱ्याचं पाणी प्यायले. ते साखरेसारखं गोड लागलं.

गाडीवानाने आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. "घावलं म्हणायचं का?" 

"घावलं," सासू म्हणाली, आणि धमणीत चढली.

घाट चढेपर्यंत मावळतीचं ऊन डोंगरावर होतं. सकाळी न दिसलेली झाडं आता दिसत होती. सासू एकेकाचं नाव सांगत होती, हा धावडा, हा अंजन, ही टेंभुर्णी, आणि मी तिच्या खांद्याला टेकून ऐकत होते. यानंतर आमची भांडणं थांबली असं कुणी समजू नये. घरात दोन बायका आणि एक चूल असल्यावर भांडणं होणारच. पण दर कार्तिकात धमणी दाराशी आली की आम्ही दोघीच निघायचो, आणि कुणी तिसरी बरोबर येते म्हणाली तर सासू तिला खुशाल मळ्यात धाडायची.

चौथ्या वर्षी मला मुलगी झाली. आमच्यात बाळाच्या गळ्यातही लिंग बांधतात. बाराव्या दिवशी गुरू आले, त्यांनी तिच्या इवल्या छातीवर लिंग ठेवलं, दोरा बांधला, कानात मंत्र सांगितला आणि पंगतीला गेले. घरातली सगळी माणसं त्यांच्यामागे गेली. सासू तेवढी पाळण्यापाशी राहिली. तिने दोऱ्याची गाठ चाचपून पाहिली. मग बाळाच्या त्याच कानाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "हरवलं तर घरात सांग, माय. उपाशी हिंडू नको."