नीलम्माच्या सहा बाटल्या

नीलम्मा नर्सबाईंना कुणी काही विचारलं की त्या आधी उलट विचारायच्या, "सांगितलं तर काय करशील?" समोरच्याला वाटायचं, बाई तिरसट आहे. तसं नव्हतं. उदगीरच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं, सिद्रामप्पांचं, कापडाचं दुकान होतं. नुसती चौकशी करत ठाणावर ठाण उलगडायला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला ते म्हणायचे, "घ्यायचं असंल तर इचार. न्हाई तर पानी पी अन् सावलीला बस." लेकीनं दुकान घेतलं नाही, पण ही सवय तेवढी उचलली.

कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पदराआड चांदीच्या डबीत इष्टलिंग, खांद्याला सरकारी पिशवी आणि पायात पुरुषी चपला, कारण बायकी चपला एवढं चालून टिकत नाहीत. जळकोटपासून दोन कोसांवरच्या बोरदऱ्यात त्या सहा वर्षं होत्या.

१९८३च्या उन्हाळ्यात बोरदऱ्याची विहीर आटली. मग टँकर यायचा आणि विहिरीतच रिकामा व्हायचा. बायका बादल्या सोडून ते पाणी परत वर ओढायच्या. गुरं छावणीत गेलेली. निम्मं गाव पाझर तलावाच्या कामावर, आणि कामाला बाहेरगावचीही माणसं आलेली. त्यांतलीच एक केवळाबाई. हदगावची, विधवा, दोन लेकरं सासूपाशी ठेवून आलेली. कामावरच्या मजुरांना पाणी पाजायचं काम तिच्याकडं होतं.

वैशाखात ढाळ-वांती सुरू झाली. तीन दिवसांत एकोणीस आजारी, दोन दगावले. चौथ्या दिवशी तालुक्याचे तरुण डॉक्टर जीप घेऊन आले. त्यांच्याजवळ बर्फाच्या डब्यात तपासणीच्या सहा बाटल्या होत्या.

"सहाच?" नीलम्मांनी विचारलं.

"सहाच. आणखी मिळायला चार-पाच दिवस लागतील."

लातूर जिल्हा होऊन वर्षही व्हायचं होतं. पाटी लागली होती, साहेब आले होते, तपासणीच्या खोलीचा रंग मात्र अजून वाळायचा होता. तोवर बाटल्या एसटीनं नांदेडला जाणार होत्या.

शाळेच्या ओसरीवर माणसं जमली. सहा बाटल्यांत काय भरायचं, यावर ज्याला त्याला मत होतं. कामावरचा मुकादम मलप्पा सगळ्यांच्या आधी बोलला.

"सहाच्या सहा त्या हदगाववालीवर लावा. तिचा रांजण तपासा, तांब्या तपासा, तिलाबी तपासा. ती आली अन् पंधरा दिवसांत पटकी आली."

केवळाबाई ओसरीखाली उन्हात उभी होती. तिनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

"हेळु मलप्पा, सांग," नीलम्मा म्हणाल्या. घाई झाली की त्यांच्या तोंडी कानडी यायची. "तिच्यात जंतू सापडले तर उद्या काय करशील?"

"हाकलून देईन."

"अन् न्हाई सापडले तर?"

"तरी हाकलून देईन. लोक पानी प्यायना तिच्या हातचं."

"मग बाटली कशाला नासवतो?"

ओसरीवर हसू पसरलं. मलप्पानं टोपी काढून पुन्हा घातली.

सरपंच शेषेराव घसा खाकरून म्हणाले, "टँकर तपासा. हे लोक कुठल्या तरी डबक्यातून भरून राहिलेत."

"घाण निघालं तर?"

"टँकर अडवतो. मोर्चा काढतो."

"अन् गाव काय पिईल, मोर्चा? अडवायचं न्हाई, सरपंच. भरायची जागा बदलून मागायची. कबूल असंल तर एक बाटली तुमची."

"हाव, कबूल."

आता डॉक्टरांनाही राहवेना. "सिस्टर, आधी रोग्याचा नमुना. ही पटकीच, म्हणजे कॉलराच आहे का, ते तर कळू द्या."

"कळलं तर काय करणार? मीठ-साखरेचं पाणी तर घरोघर चालूच हाय."

"पटकी ठरली तर सलाइन आणि चार माणसं जास्तीची मागता येतात."

नीलम्मा थांबल्या. "हे माझ्या डोक्यात न्हवतं. मग एक तुमची."

चार उरल्या. त्या चारींचं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. पहाटेपासून दोन तास त्या विहिरीच्या कठड्यावर नुसत्या बसल्या होत्या. बायकांना वाटलं, नर्सबाई दमली. त्या बघत होत्या, पाणी कुठून कुठं जातं ते.

"एका पाण्याच्या मागं मागं चालायचं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "टँकर झाला. मग विहीर. मग विहिरीजवळची दगडी डोणी. मग घरचा रांजण. कुठल्या पायरीवर पानी नासतं तेवढं कळलं, तर उद्या त्या पायरीवर हात घालता येईल."

"डोणी कशाला?" शेषेराव म्हणाले. "ती गुरांची. तिथलं कोन पितंय?"

"कोन पीत न्हाई. तरी एक बाटली तिची. अन् एक तुमच्या घरच्या रांजणाची."

"माझ्या घराची? केवळाबाईनं आमचा उंबरा बी बघितला न्हाई."

"म्हणूनच."

"अन् शेवटची?" मलप्पानं विचारलं.

नीलम्मांनी केवळाबाईला भिंतीआड नेलं. "शेवटची तुझ्या रांजणाची हाय. पर घाण निघालं तर मला झाकता यायचं न्हाई. तू न्हाई म्हण, मी दुसरं काही भरते."

केवळाबाईला ते लागलं. "झाकता कशाला? चौपदरी फडक्यानं गाळते मी. दर खेपेला फडकं खळबळते. तुमच्या दवाखान्यात बी एवढं चोख नसंल, नर्सबाई. भरा."

भरली. त्या बाटलीवर नीलम्मांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी डकवली. नांदेडची गाडी फाट्यावर हॉर्न देत होती.

पुढचे चार दिवस मलप्पानं केवळाबाईला हजेरीत घेतलं नाही. ती रोज तलावाच्या भरावावर येऊन बसायची. "गावी जा," लोक म्हणायचे. "उत्तर आल्याबिगर गेले तर लोकाला तेच उत्तर वाटंल," ती म्हणायची. दुपारी नीलम्मा घरं फिरून, लेकरांना चमच्याचमच्यानं पाणी पाजून तिच्याजवळ टेकायच्या आणि अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवायच्या. दोघीही बाटल्यांचा विषय काढत नसत.

पाचव्या दिवशी जीप आली. डॉक्टरांनी ओसरीवरच कागद उघडला.

"रोग्याचा नमुना, पटकी. टँकर, चांगला. विहीर, चांगली." आवाज जरा खाली आला. "केवळाबाईचा रांजण. दूषित."

मलप्पानं मांडीवर थाप मारली. "मी काय सांगत हुतो?"

केवळाबाईनं आपले दोन्ही तळवे उघडून पाहिले, जणू तिथं काही दिसणार होतं.

"कागद संपला न्हाई, मलप्पा," नीलम्मा म्हणाल्या. "वाचा, डॉक्टर."

"सरपंचांच्या घरचा रांजण. दूषित."

मलप्पाची मांडीवरची थाप तिथंच राहिली. शेषेरावांनी हळूच मागं पाहिलं. आजारातून नुकता उठलेला त्यांचा नातू शाळेच्या दारात बसला होता.

"डोणी. सर्वांत जास्त दूषित."

"विहीर चांगली अन् दोन्ही रांजण नासलेले," नीलम्मा म्हणाल्या. "एका रांजणाला केवळाबाईचा हात लागतो, दुसऱ्याला लागत न्हाई. मग दोन्हीकडं काय हाय?"

 उत्तर आलं ते केवळाबाईकडूनच.

"फडकं."

आणि मग, कुणी न विचारता, "मी डोणीत खळबळते ते."

"समद्याच खळबळतो," मागून एक बाई म्हणाली. "चांगलं पानी फडक्याला कोन घालवतंय?"

तसंच होतं. टँकरचं पाणी विहिरीत पडलं की गढूळ व्हायचं, म्हणून गाळायचं. फडक्यावर गाळ बसायचा, म्हणून धुवायचं. थेंब वाया जाऊ नये, म्हणून बादल्यांतून सांडलेलं पाणी, ती सांडलवण, डोणीत साठवायची आणि तिच्यातच धुवायचं. आजारी लेकरांची दुपटीही त्याच पाण्यात धुऊन निघायची. जी बाई जास्त चोख, तिचं फडकं जास्त वेळा डोणीत.

"आता उद्या काय करायचं?" नीलम्मांनी विचारलं. या वेळी त्या स्वतःलाच विचारत होत्या.

केवळाबाई उत्तर द्यायला थांबली नाही. विहिरीवर गेली, डोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा उपसून काढला. पाणी धुळीत पसरलं. दुष्काळात पाणी असं सोडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारी तांब्या घेऊन पुढं झाली, नीलम्मांनी तिचा दंड धरला. "जाऊ दे, अव्वा. ते पानी न्हाई."

त्याच दुपारी शाळेच्या मोठ्या पातेल्यात गावची फडकी उकळली आणि कुंपणाच्या वईवर कडक उन्हात वाळत पडली. टँकरमागोमाग विहिरीत पडणारं जंतू मारायचं औषध आता मापानं रांजणातही पडू लागलं. त्यानंतर आणखी सहा जण आजारी पडले. मेलं कुणी नाही.

नीलम्मांनी भिंतीआड नेऊन आपल्याला नकाराची वाट दाखवली, हे मात्र केवळाबाईला पुढं कधी पटलं नाही. "माझा रांजण भरायला नगं म्हणत हुता तुम्ही. मी हट्ट केला म्हून कळलं." नीलम्मा हे कबूल करायच्या, तेही लोकांदेखत.

कागद वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मलप्पानं हजेरी घेतली. केवळाबाईचं नाव सगळ्यांत शेवटी, कागदातून मान न काढता. ती सरळ रांजणापाशी गेली. ऊन चढलं तसा मलप्पाच पहिला आला. मजूर खोरी टेकून बघत होते.

"पानी दे."

"औषधाचा वास येईल, मुकादम."

"येऊ दे."

तिनं वरून धार धरली. मलप्पानं ओंजळ लावली, पोटभर प्याला, तोंड वाकडं केलं आणि ओले हात टोपीवरून फिरवत म्हणाला, "आनिक घाल."