पटाच्या बैलाचं दूध

काल नातवानं मोटरसायकलीत तेल ओतायला माळ्यावरून वेळूचं जुनं नळकांडं काढलं. अंगणात तेलाचा वास भरला होता, पण माझ्या नाकात शिरला तो दुधात फेटलेल्या कच्च्या अंड्यांचा.

स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट. माझ्या नवऱ्याला शंकरपटाचा भारी नाद. बैलांची शर्यत जवळ आली की घरातलं सगळं दूध पटाच्या बैलाला जायचं. आमची मुलगी तेव्हा महिन्याची होती. मला दूध उतरत नव्हतं, आणि घरात गाय एकच. मुलीचं बारसंही पट झाल्यावर करायचं ठरलं होतं.

पटाच्या आधीच्या एका सकाळी मी म्हटलं, "वाटीभर तरी पोरीले ठेवा."

"तिले का पटात पळाचं आहे?" हे हसून म्हणाले. "शिंग धर."

मी शिंग धरलं. यांनी नळकांडं बैलाच्या जबड्यात घातलं आणि अंडी फेटलेलं दूध ओतलं. ओसरीवर मुलगी पेजेच्या पाण्यावर रडत होती. बैलाची कातडी उन्हात तुकतुकत होती, आणि खोटं कशाला सांगू, तिच्यावरून हात फिरवताना मला अभिमान वाटला.

मुलगी पटाच्या आदल्या दिवशी गेली. हे तरीही आमगावला पटाला गेले, आणि बैल पहिला आला.

बैलाचं नाव राजा. गावातले म्हातारे अजून ते नाव काढतात. मला मुलीची आठवण येते, तेव्हा हाक मारायला नाव नाही.