पंचांगआजोबा आणि साडीतला टीव्ही

टीव्हीला साडी नेसवून, पहाटे चोरपावलांनी कचऱ्यात सोडून येणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. ह्यांच्या बँकेने आम्हाला जपानला पाठवलं होतं, टोकियोतल्या एदोगावाला राहत होतो, आणि माझं वय होतं पंचेचाळीस. म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळालेला होता.

आमच्या इमारतीची देखभाल एक म्हातारे गृहस्थ करत. माझ्या मुलीने त्यांचं नाव ठेवलं पंचांगआजोबा. कुठल्या वारी कुठला कचरा, हे त्यांना तोंडपाठ. सोमवारी जळणारा, मंगळवारी जुने कपडे, गुरुवारी प्लास्टिक. जिन्यात भेटले की नमस्काराच्या आधी, "जोशी-सान, आज बाटल्या!" झाकण न काढलेली बाटली संध्याकाळी आमच्या दारात परत. मी समोर हसून वाकायची आणि आत येऊन म्हणायची, "मेल्याला दुसरा उद्योग नाही."

दोन हजार नऊ-दहाचा सुमार असेल, आमचा सपाट पडद्याचा टीव्ही कायमचा गेला. आजोबा म्हणाले, "हा कचऱ्यात चालत नाही. पोस्टात पैसे भरा, चिठ्ठी चिकटवा, मग गाडी नेईल." ठाण्याचा आमचा भंगारवाला उलट मलाच पैसे देऊन, वर चहा पिऊन गेला असता! मी ह्यांना म्हटलं, "कचरा द्यायचा आणि वर पैसे? आपण काय संस्थानिक आहोत?"

"तुला काय करायचं ते कर, मला त्यात ओढू नकोस," हे म्हणाले.

मग मी टीव्ही हिरव्या साडीत गुंडाळला. कोणाचा ते कळू नये म्हणून! अख्ख्या इमारतीत हिंदुस्थानी बिऱ्हाड एकच, आमचं.

दोन तासांत टीव्ही गायब. मी खुशीत शिरा केला. संध्याकाळी खाली नोटीस लागली: टीव्ही टाकल्याची एका बाईंनी तक्रार केल्याने रविवारी रहिवाशांची सभा, आणि परदेशी भाडेकरू यापुढे घ्यायचे की नाहीत, याचाही निर्णय. उरलेला शिरा तसाच झाकून ठेवला. आमच्या खालचा फ्लॅट पुण्याची रेवा आणि तिचा नवरा घेणार होते. तिला सातवा महिना लागला होता आणि जुनी जागा सोडायची तारीख ठरलेली.

माझं नाव सांगू नका म्हणायला मी आजोबांच्या खोलीत गेले, तर माझा टीव्ही तिथेच, उशीला टेकून बसलेला! ते फडक्याने त्याचा पडदा पुसत होते. आयुष्यभर कावासाकी शहरातल्या एका कारखान्यात त्यांनी टीव्हीच जोडले होते.

"ह्याच्या पोटात शेवयांसारख्या काचेच्या नळ्या असतात," ते म्हणाले. "आत पारा. कचऱ्याच्या गाडीत चिरडला असता, तर उचलणाऱ्यांच्या नाकात गेला असता. चिठ्ठी लावून गेला की कारखान्यात त्या नळ्या माणसं हाताने, एकेक करून काढतात."

मग साडी पुढे केली. धुतलेली, इस्त्री केलेली. "कोणाची ते मला माहीत नाही," म्हणाले. मी साडी घेऊन वर आले.

रविवारी सभेत मी उभी राहिले. जपानी मला समजायचं बरंच, पण बोलणं भाजी आणण्यापुरतं. "टीव्ही माझा. चूक माझी. रेवा चांगली," असं म्हणून इतकी वाकले की चष्मा खाली पडून थेट तक्रार करणाऱ्या बाईंच्या पायाशी. त्यांनी तो उचलला, पदराने पुसावा तसा रुमालाने पुसला, आणि स्वतःच फिस्सकन हसल्या. मग सगळी सभाच हसली. रेवाला फ्लॅट मिळाला.

सोमवारी मी पोस्टातून चिठ्ठी आणून टीव्हीवर चिकटवली. तो गाडीत चढला तेव्हा आजोबांनी त्याला थोपटून "ओत्सुकारेसामा" म्हटलं. दिवसभर राबलेल्या सोबत्याला निघताना म्हणतात, ते. गाडी वळेपर्यंत आम्ही दोघं वाकून उभे. मग ते सरळ झाले आणि अगदी गंभीरपणे मला म्हणाले,

"जोशी-सान, इतके टीव्ही बनवले, पण एवढा नटून निघालेला एकही पाहिला नाही. फक्त, साडीचा वार मंगळवार."