पटाशीचे दोन दात

खिडकी सरांना हसताना मी कधी पाहिलं नाही, आणि जे सर हसत-खेळत शिकवायचे त्यांचं आज मला एक अक्षर आठवत नाही. डेंटलच्या पहिल्या वर्षाला खिडकी सर आम्हाला दातांची रचना शिकवायचे. त्यात मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे असतात, मुळासकट, खऱ्यासारखे. मान मोडेस्तोवर कोरलेली दाढ आपण सरांच्या हातात द्यायची, सर ती उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवायचे आणि पसंत नाही पडली की समोरच्या खिडकीतून बाहेर भिरकावायचे. "दाढ आहे का ही? बटाटा आहे. दुसरा ठोकळा घे." त्यांचं नाव तिथूनच पडलं.

कॉलेज खानदेशातलंच. कुठलं ते लिहीत नाही. लिहिलं तर वकिलाची नोटीस येईल आणि नोटिसांना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही. आमच्याकडच्या उन्हात मेण हातातल्या हातात मऊ पडायला लागतं. आम्ही ठोकळे कँटीनच्या माठाजवळ बादलीत बुडवून ठेवायचो आणि पळत पळत वर्गात आणायचो. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, ऊन फार आहे. मेण धरवतच नाही." सर भडगावचे. चिडले की घरच्या बोलीवर यायचे. "ऊन काय तुलेच लागस का? पेशंटले नही लागत?" म्हणाले आणि माझा सुळाही गेला खिडकीबाहेर. त्या दिवशी मी होस्टेलवर जाऊन त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या होत्या.

वर्गात शिरल्या शिरल्या त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "तोंडं मिटा. जिभेने बघा." मग आम्ही सगळे तोंडं मिटून आपापल्या दातांवरून जीभ फिरवत बसायचो, आणि सर विचारायचे, दुसऱ्या दाढेचा आतला उंचवटा कुठे लागतो, पटाशीच्या मागे खोलगट काय आहे. बाहेरून कोणी बघितलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असंच वाटलं असतं. पण परीक्षेत पुस्तक आठवलं नाही तरी जीभ आठवायची.

डिसेक्शनलाही ते आमच्याबरोबर यायचे. मृतदेहाच्या ओठांभोवतीचा गोल स्नायू दाखवत होते तेव्हाची गोष्ट. आमच्यातल्या एकाने त्याचं लॅटिन नाव घडाघडा म्हणून दाखवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. सर म्हणाले, "नाव मला पण येतं. हा माणूस ह्या स्नायूने काय काय करत होता ते सांग. चहा फुंकून प्यायचा, पोराचा मुका घ्यायचा, बैलाला शीळ घालायचा. ते कोण सांगणार?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी अख्ख्या टेबलाला बाहेर काढलं.

आता मूळ गोष्ट. मेणाचे दात कोरायला समोर खरे दात लागतात. म्हणून पहिल्या वर्षाची मुलं काचेच्या बरण्या घेऊन दंतवैद्यांच्या दारोदार फिरतात, आणि काढलेले दात मागून आणतात. मी जळगावात फिरले, माझी मैत्रीण बोदवडला घरी गेली की तिकडून आणायची. लोणच्याच्या बरणीत दात घेऊन एसटीत बसलेली मुलगी दिसली की ओळखावं, ही डेंटलची. सर ती बरणी ट्रेमध्ये ओतायचे आणि एकेक दात उचलून विचारायचे, "हा का निघाला असेल?" कीड दाखवायची, सडलेलं मूळ दाखवायचं, तंबाखूने काळी पडलेली दाताची मान दाखवायची. कारण सापडलं की सर पुढच्या दाताकडे वळायचे.

त्या वर्षी कॉलेजनेच मुलांची सोय केली. साक्रीला कॉलेजचं मोफत दंतशिबिर झालं होतं, तिथल्या काढलेल्या दातांची भली मोठी बरणी आमच्या वर्गात आली. सरांनी ती ओतली आणि नेहमीसारखा प्रश्न विचारला. आम्ही उत्तरं शोधू लागलो. सापडेनात. बरणीत दाढा थोड्या आणि पटाशीचे दातच फार होते. पांढरे, न किडलेले, मुळं लांब आणि धडधाकट, काहींना तर अजून बारीक तंतू चिकटलेले. सर एकेक उचलत होते, ठेवत होते. मग दोन दात त्यांनी बाजूला काढले. एकाच माणसाचे, जोडीचे, वरचे मधले. दोघांचीही धार तिरपी, सपाट घासलेली होती.

"शिंपी असेल, सर. दातात सुई धरून," मी म्हटलं.

"सुईने बारीक खाच पडते. हे रुंद आहे. हा माणूस रोज तास न् तास काहीतरी जाड, कडक दाताखाली धरतो." मग सरांनी खिशातलं पेन स्वतःच्या पटाशीखाली धरून पाहिलं. "क्लॅरिनेट वाजवतो हा. बँडवाला आहे. चला."

आम्ही चार पोरं आणि सर एसटीने साक्रीला गेलो. बाजाराचा दिवस होता. बँडच्या दुकानात भिंतीला वाद्यं टांगलेली होती आणि बाकावर त्यांचे क्लॅरिनेटवाले युनूसभाई बसले होते, तोंडावर रुमाल धरून. चाळिशीतला माणूस. सरांनी कागदाची पुडी उघडून दात दाखवले. युनूसभाईंनी ते हातात घेतले नाहीत, नुसते बघत राहिले.

"मागची दाढ ठणकत होती, सर," ते म्हणाले. समोरून हवा जात होती, अर्धे शब्द नुसते फुसफुसत निघत होते. "खुर्चीत बसवलं. म्हणाले, पुढचे पण खराब आहेत, एकदम करून टाकू. मी म्हटलं, शिकलेले लोक आहेत, त्यांना कळतं. दाढ राहूनच गेली. ती अजून दुखते."

हे ऐकून मला रडू आलं नाही, संताप आला. आजही येतो. कारण सांगते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना ठरावीक दात काढून दाखवावे लागतात, तेव्हा कुठे पुढे जाता येतं. दाढ काढणं अवघड, तिला मुळं अनेक. पटाशीचं मूळ एक आणि सरळ. शिकाऊ हाताला सोपी. म्हणून गावोगावच्या गरीब माणसांच्या तोंडातून पुढचे दात निघत होते, आणि वर फलकावर 'मोफत' लिहिलेलं! मोफत! हा शब्द वाचला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मेल्यांनो, दात त्यांचे गेले, तुमचं काय गेलं?

सर युनूसभाईंना घेऊन तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आम्ही दाराशी होतो. सरांनी दोन्ही दात टेबलाच्या काचेवर ठेवले आणि म्हणाले, "हे ह्यांचे आहेत. ह्यांना दात द्या, आणि शिबिर बंद करा."

"हलत असतील, सर," प्राचार्य म्हणाले.

"हलणाऱ्या दाताचं मूळ असं असतं? पहिल्या वर्षाची मुलं सांगतील तुम्हाला."

"पेशंटची सही आहे. आणि तुमचा विषय रचनेचा. काय काढायचं, काय नाही, ते त्या विभागाला बघू द्या ना."

सरांचा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई उठून उभा राहिला. "माणसाचं तोंड म्हणजे तुमचा सरावाचा ठोकळा नाही! क्लॅरिनेट दाताशिवाय वाजत नाही. ह्याचं घर त्या दोन दातांवर चालत होतं. कोणी विचारलं का ह्याला, तू काय करतोस म्हणून?" प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. सरांनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

कॉलेजने काही दिलं नाही. मग सरांनी स्वतःच घेतलं ते काम. धुळ्याला त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर त्यांनी मेणात युनूसभाईंचे दोन दात कोरले, ती तिरपी घासलेली धारसुद्धा तशीच. ते दात बसवलेली, टाळूला चिकटणारी, काढ-घाल करायची प्लेट जळगावच्या एका ओळखीच्या कारागिराकडून करून आणली. पहिली प्लेट युनूसभाईंनी फुंक मारताच सुटून आली. सरांनी ती आपटली नाही एवढंच. "पुन्हा," म्हणाले. दुसरी बसली, पण सूर फाटायचा. "पुन्हा." तिसरीला मागच्या दाढांना तारेचे आकडे घातले आणि युनूसभाईंनी सरांच्या ओसरीवर उभं राहून वाजवलं. शेजारपाजारचे बाहेर आले. सर भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. वाजवणं संपल्यावर वळून त्यांनी एवढंच सांगितलं की दात गेला की मुळाभोवतीचं हाड विरघळत जातं, ते दातासाठीच असतं, त्यामुळे ही प्लेट ढिली होणार आणि वर्ष-दीड वर्षाने नवी करावी लागणार.

वर्ष संपलं तेव्हा सरांचा करार वाढवला नाही. कारण काय दिलं असेल? मुलांच्या तक्रारी आहेत म्हणे, सर आमचे दात फेकून देतात! आम्ही काही जण प्राचार्यांकडे गेलो की आमची एकही तक्रार नाही. ते शांतपणे म्हणाले, "तुमचे इंटर्नलचे मार्क कुठे असतात ठाऊक आहे ना?" सरांच्या जागी एक हसतमुख बाई आल्या. त्या सगळ्यांच्या दाढांना छान म्हणायच्या. शिबिरं चालूच राहिली.

पुढे मी डेंटिस्ट झाले. माझ्या लग्नात वडिलांकडे मी एकच हट्ट केला, बँड साक्रीचा हवा. लग्न जळगावला. सर आले होते. थकले होते, उजव्या हाताला कंप सुटला होता, पण कपाळावरची आठी तीच. वरात दारात आली आणि मी गॅलरीतून बघितलं तर युनूसभाई झांजा वाजवत होते. क्लॅरिनेट दुसऱ्याच कोणाकडे. मला कळायच्या आत सर वरातीत शिरले होते. त्यांनी हात वर करून बँड थांबवला. नवरदेव घोड्यावर तसाच.

"आ करा," सर म्हणाले. युनूसभाईंनी आ केला. सरांनी मोबाईलचा उजेड आत टाकला. "हाड झिजलं. प्लेट डुलतेय. मला का नाही कळवलं?"

"सर, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. पुन्हा कसा येऊ दारावर?"

"नोकरी माझी गेली, दात तुमचे गेले. ह्याचा त्याच्याशी काय संबंध?" सर ओरडलेच. मग वर गॅलरीकडे बघून मला हाक मारली, सगळ्या वऱ्हाडासमोर. "ए, खाली ये! माझे हात आता चालत नाहीत. ही प्लेट तू करायची. सोमवारी."

"सोमवारी पूजा आहे, सर," मी वरूनच म्हटलं.

"मग मंगळवारी."

सासरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. मंगळवारी हिरवा चुडा खळखळवत मी युनूसभाईंच्या तोंडाचं माप घेतलं, सर शेजारी स्टुलावर बसून चुका काढत होते. त्या पावसाळ्यात सर गेले. कॉलेजात त्यांच्यासाठी शोकसभा झाली म्हणे, प्राचार्य गहिवरून बोलले. मी गेले नाही. गेले असते तर काहीतरी बोलून बसले असते, आणि त्याचं खापर सरांच्या शिकवणीवर फुटलं असतं.

तेव्हापासून युनूसभाईंची प्लेट मीच करते. प्रत्येक वेळी माप घेताना हाड आणखी झिजलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी मला तोच राग येतो. परवा त्यांनी खुर्चीतून उठता उठता सांगितलं, "मॅडम, त्या कॉलेजचं शिबिर लागलंय साक्रीला. शाळेच्या मैदानात. मोफत."

मी दवाखाना बंद केला आणि त्यांच्याबरोबर निघाले. मंडपाच्या बाहेर रांग होती, बाजाराला आलेली माणसं, डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायाबापड्या. मी रांगेतल्या एकेकाला म्हणू लागले, आ करा. दुखणारी दाढ कुठली ते दाखवायचे, मी सांगायचे, एवढी एकच, बाकी एकालाही हात लावू देऊ नका. आतून एक तरुण डॉक्टर धावत आला. "तुम्ही कोण? पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा," मी म्हटलं. "लवकर बोलवा."

तोपर्यंत युनूसभाई मंडपाच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. त्यांनी दोन बोटं घालून प्लेट काढली, रुमालात धरली, आणि प्रत्येक आत जाणाऱ्यासमोर तोंड उघडून दाखवलं. लग्नकार्यात रुबाबात वाजवणारा माणूस, भर बाजारात, पोरंटोरं बघत होती. कोणी हसलं नाही. "हे बघा आधी," ते फुसफुसत म्हणत होते. "मग जा आत."

एका म्हातारीने बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, मना समोरला बठ्ठा दात चांगला शेत ना?"

"सगळे चांगले आहेत, अक्का. एकही काढायचा नाही."

तिने पदर तोंडावर घट्ट दाबून धरला आणि रांगेतून बाहेर पडली. तिच्या मागून आणखी माणसं निघाली. तरुण डॉक्टर मोबाईलवर कोणाशी तरी ओरडून बोलत होता. आता माझ्यावर तक्रार झाली आहे, डेंटल कौन्सिलकडे जाणार म्हणतात, जाऊ दे. त्या वेळी मी तिथे उन्हात उभी होते, आणि मला एकच वाटत होतं. सर हवे होते हो. माझी एखादी चूक काढून माझ्यावर ओरडायला का होईना, आत्ता इथे हवे होते.