सात टकलांची ओळख परेड

आमच्या इमारतीमागच्या बागेत मी रोज सकाळी चालायला जातो. म्हणजे एक फेरी स्वतः मारतो आणि उरलेल्या पाच बाकावर बसून इतरांच्या मोजतो. अशाच एका सकाळी एक हवालदार समोर येऊन उभा राहिला आणि माझ्या डोक्याकडे टक लावून बघू लागला. इतक्या कौतुकाने त्या भागाकडे कुणी पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती.

"साहेब, वय?"

"अठ्ठावन्न."

"मिशी कायमची?"

"आजवर तरी."

"मग उद्या अकराला तासभर द्या. ओळख परेडला संशयितासारखे दिसणारे डमी पाहिजेत."

प्रकरण साधं होतं. मालाडला एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे एक माणूस 'दागिने उजळून देतो' म्हणून आला आणि सोन्याच्या पाटल्या घेऊन पितळेच्या ठेवून गेला. पोलिसांनी एक संशयित पकडला. त्याच्या पिशवीत पावडर, ब्रश आणि पितळेच्या आणखी चार पाटल्या निघाल्या. पण पाटल्यांवर काही नाव लिहिलेलं नसतं. आजींच्या इमारतीत कॅमेरा होता. सोसायटीच्या अध्यक्षांनी फीत कापून, नारळ फोडून, भाषण करून बसवलेला. तो त्यांनी आपल्या प्रतिष्ठेला साजेशा उंचीवर बसवल्यामुळे त्यात येणाऱ्याजाणाऱ्याचा फक्त माथा दिसायचा.

"त्यात नुसतं टक्कल आलंय," हवालदार कष्टी होऊन म्हणाला. "कोर्टात टक्कल चालत नाही. आजींनी चेहरा ओळखला तरच केस उभी राहील. आणि आजींचं वेगळंच चाललंय. मुलगा म्हणतो, आईला दिसत नाही, आठवत नाही, घरी एकटीच असते हे कुणालाही सांगते, परेडमध्ये ओळखता आलं नाही तर मालाडचं घर बंद करून तिला मुलुंडला नेतो. आजी म्हणाल्या, ओळखून दाखवते."

आजींचं नाव मात्र त्याने नियमाप्रमाणे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"तुमच्यासारखे अजून पाच मिळतील?" त्याने विचारलं.

सरकारने माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. मी उत्साहाच्या भरात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'टक्कल व मिशी असलेल्यांनी उद्या अकराला तहसील कार्यालयात यावे. चहा मिळेल.'

"स्थळ आलंय का रे?" एकाने विचारलं. "मिशी नाही, रात्रीत उगवू का?" दुसरा म्हणाला. तिसऱ्याला केस होते. "आम्ही काय पाप केलंय?" म्हणून तो रुसला. बायको म्हणाली, "जा हो, देशाला तुमचा काहीतरी उपयोग होतोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा वर्गमित्र एका खोलीत उभे. सातवा संशयित. त्याला तोंडावर काळा बुरखा घालून आणलं आणि आत आल्यावर तो काढला. रांगेत कुठे उभं राहायचं ते त्यानेच ठरवायचं असतं. त्याने चौथी जागा घेतली. दिसायला तो आम्हा सगळ्यांपेक्षा सभ्य होता.

नायब तहसीलदारांनी प्रजासत्ताक दिनाच्या आवाजात नियम वाचले. पोलीस बाहेर थांबतील. दोन पंच आत राहतील. कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. एवढं ऐकल्यावर हसू येणारच. शेजारचा माझ्या कानात म्हणाला, "लेका, तुझं भारी चमकतंय. तेल लावलंस?"

"सनस्क्रीन."

तो फुसकन हसला, पलीकडचा हसला, आणि साथ पसरावी तसं ते रांगेच्या टोकापर्यंत गेलं. संशयितही हसला. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "साक्षीदाराला पाठवा!"

दार उघडलं. पांढरी सुती साडी, पदराने चष्मा पुसत पुसत आत येणारी ठेंगणी मूर्ती. मराठीच्या आणि गणिताच्या आमच्या बाई!

त्यानंतर जे झालं त्याला आम्ही जबाबदार नाही. सहा पाठी ताठ झाल्या, बारा हात मागे गेले, आणि बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्याच रडक्या सुरात सहा म्हाताऱ्यांचा आवाज निघाला,

"न-म-स्ते, बा-ई!"

चौथा गप्प.

बाई जागच्या जागी थबकल्या. पुढच्या क्षणी त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

"साहेब, लिहून घ्या," त्या भिंतीला म्हणाल्या. "चष्मा माझ्या हातात आहे. मला सात नारळ दिसले, तोंड एकाचंही दिसलेलं नाही. त्यातले सहा बोलले. ते माझे विद्यार्थी आहेत."

दाराबाहेरून उपनिरीक्षकाचा आनंदी आवाज आला, "मग उरलेला एकच की, मॅडम!"

"त्याला ओळखणं म्हणत नाहीत. वजाबाकी म्हणतात."

"पण उत्तर तर बरोबर येतंय ना?"

"रीत चुकली की मी गुण देत नाही. आणि ही अक्कल कुणाची?"

पाच जणांनी एका सुरात माझं नाव सांगितलं. शाळेतही ते असेच एकनिष्ठ होते.

परेड रद्द झाली. दहा दिवसांनी पुन्हा ठरली. या वेळी डमी घाटकोपरहून आणले आणि हवालदाराने प्रत्येकाला आधी शाळा विचारली. मला शिक्षा म्हणून बाईंना रिक्षाने नेण्याचं काम मिळालं. सोबत त्यांचा मुलगा होता. वाटेत तो दोनदा म्हणाला, "आई, अजूनही जाऊ दे ना. दोन पाटल्यांसाठी कशाला?"

"पाटल्यांसाठी कोण चाललंय?" बाई म्हणाल्या.

तो कार्यालयाच्या पायऱ्यांपाशी फोनवर बोलायला मागे राहिला, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रोज झोपण्याआधी त्याचा चेहरा आठवते रे. पाढा म्हणावा तसा. आता भीती वाटते, पाठ करता करता मी नवाच माणूस तयार केला असेल तर?"

त्यांनी चष्मा पुसला, या वेळी तो बाहेरच डोळ्यांवर चढवला, आणि आत गेल्या.

वीस मिनिटं. मुलगा येरझाऱ्या घालत होता. हवालदार खिडकीशी नखं खात होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंचा निकाल लागण्याची वाट बघत होतो.

त्या बाहेर आल्या.

"ओळखला. जागा आणि शर्ट बदलून पुन्हा उभे केले. पुन्हा ओळखला."

हवालदाराने कायद्याला न शोभेल अशी उडी मारली. मीही मारली. आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारल्याचं आता कुणी मान्य करत नाही.

"नक्की तोच होता ना, आई?" मुलाने विचारलं.

बाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. "पुढच्या वेळी तूच उभा राहा रांगेत. टक्कल आलंच आहे."

रिक्षात बसताना तो जरा नरम आवाजात म्हणाला, "बरं, आज निदान मुलुंडला चल. चार दिवस राहा, मग बघू."

"किधर जाना है?" रिक्षावाल्याने विचारलं.

"मालाड," बाई म्हणाल्या. "और जल्दी चलो भैया, गॅसवाला आनेवाला है. घर में मेरे सिवा कोई नहीं है."