सहाव्या पानावरचा अंगठा

मी घर सोडलं ते अंबडच्या स्टँडवरून. पुण्याची गाडी लागली होती. खाली आत्या उभी होती, घडीचं हिरवं लुगडं नेसून. शेजारी दत्तू, आमच्या बांधाला बांध असलेला. गाडी हलायच्या आत ती खिडकीशी आली. "बबन, डोळे दाखवायचे व्हते ना?"

"पुढच्या खेपंला," मी म्हणालो.

डोळ्यांचंच सांगून मी तिला गावाहून आणलं होतं. खरं काम रजिस्ट्रीचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. गावात राहिलेल्यांना नाही, माझ्यासारखं निघून आलेल्यांनाही नाही.

आत्या ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली. मूलबाळ नाही. तिच्या वाट्याची जमीन आणि घर तिनं माझ्या नावावर केलं, अट एकच: मरेपर्यंत मी तिला सांभाळायचं. वडील जाताना म्हणाले होते, "तिला येकटी पाडू नको." मला तेव्हा पुण्यातली नोकरी दिसत होती, दुसरं काहीच नाही. दत्तू सगळं विकत घ्यायला तयार झाला. दस्त लिहिणाऱ्या बाँड रायटरनं विचारलं, म्हातारीच्या अटीचं काय? मी म्हणालो, तीही त्याच्याकडं लावा. मंग मीच एकेक कलम सांगत गेलो. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी, दवाखाना, राहायला पुढची खोली, शेवटी अंत्यविधी. त्यानं टाइप केलं, 'सर्व हक्क व जबाबदाऱ्यांसह'. तिची संमती तेवढी लागत होती.

आत्याला सही येत होती, हे मला माहीत होतं. पण पेन हातात आला असता तर कागद कशाचा, हे तिनं विचारलं असतं. तिला धड दिसत नव्हतं. ऑपरेशनआधी सरकारी कागद लागतो, असं सांगून मी तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि टेकवला.

दत्तूनं एक कलम चुकवलं नाही. डोळेही त्यानंच जालन्याला नेऊन करून आणले. दिवाळीला मी गेलो तर आत्या चष्मा लावून बसलेली. दत्तूकडचा कागद तिनं वाचला होता.

"सही येती मला, बबन," एवढंच म्हणाली. मंग दत्तूच्या बायकोला हाक मारून सांगितलं, पाव्हण्याला च्या ठेव.

ती गेली तेव्हा दत्तूचाच फोन आला. गावी पोचून तिरडीपुढचं मडकं उचलायला मी पुढं झालो, तर तो हळूच म्हणाला, "दादा, ते माह्यावर हाय. कागदात हाय." त्यात टोमणा नव्हता. मी मागं सरकलो.

पुण्यात कुणी गाव विचारलं की अंबड सांगतो. घर कुणी विचारत नाही, ते बरं आहे. घराचं म्हणून माझ्याकडं त्या दस्ताची प्रत तेवढी उरली. सहाव्या पानावर तिचा अंगठा आहे. तो फराटल्यासारखा उठलाय, वरून माझा दाब होता म्हणून.