अमोघने निवडलेलं पुस्तक

विद्युलताबाई सहजासहजी कुणावर विसंबणाऱ्यातल्या नव्हेत. टी. नगरात साडी घ्यायची तरी पदर दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघणार, मग पैसे देणार. पण पोटच्या पोरानं दिलेली वस्तू कुणी अशी पारखून घेतं का?

तांबरमच्या एका सरकारी कचेरीत त्या हिशेबाचं काम बघायच्या. लग्न करून साताऱ्याहून आल्या तेव्हा इथली तमिळ भाषाही येत नव्हती. नोकरीनं त्यांना इथं उभं केलं. आता त्यांचा विभागच बंद व्हायचा होता. पायथन या संगणकाच्या भाषेची खात्यातली परीक्षा जे पास होतील त्यांना नव्या विभागात जागा, बाकीच्यांनी मुदतीआधी निवृत्ती घ्यायची. बाईंना घरी बसायचं नव्हतं. त्यांनी नाव नोंदवलं आणि मुलाला, अमोघला, म्हणाल्या, "मला यातलं ओ की ठो कळत नाही असं धरून चाल, आणि पहिलं पुस्तक तूच निवड." अमोघ शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्याहून जाणता माणूस कुठं शोधायचा?

त्यानं चांगलं जाडजूड पुस्तक आणलं. इथल्या रीतीप्रमाणं सरस्वतीपूजेला ते देवीपुढं मांडलं, हळदकुंकूही स्वतःच्या हातानं वाहिलं. विजयादशमीला आईनं पहिलं पान उघडलं.

आणि पहिल्या पानापासूनच सगळं डोक्यावरून जाऊ लागलं. लेखक जागोजागी म्हणे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बाईंना ठाऊक नव्हतं. दुसरं पुस्तक आणावं असं एकदा मनात आलं, पण विजयादशमीला धरलेलं, पूजेतलं पुस्तक मध्येच टाकायचं म्हणजे अपशकुन. मग दोष कुणाचा? आपल्याच डोक्याचा. अमोघला विचारलं की तो जवळ बसून म्हणायचा, "आई, या वयात जड जातंच गं. कशाला जिवाला त्रास?" इतक्या मायेनं म्हणायचा की बाईंना भरून यायचं. शेवटी नाव मागं घ्यायच्या अखेरच्या दिवशी त्यांनी परीक्षेतून नाव काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या देविकानं ते पुस्तक चाळलं. देविका तंजावूरकडच्या मराठी घरातली, तिनंही परीक्षेला नाव दिलेलं.

"अक्का, हे शिकणाऱ्यांचं नाही. हे आधीच येतं त्यांच्यासाठी आहे. कुणी दिलं तुम्हाला?"

तिनं आपलं पातळ पुस्तक पुढं सरकवलं. बाईंनी पहिला धडा वाचला आणि डब्यातल्या इडल्या जेवायला बसलेल्या चौघींत किती किती येतील याचा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर बरोबर उत्तर आलं. आनंद व्हायला हवा होता, पण बाईंनी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. अमोघला हा फरक कळत नव्हता असं कसं म्हणायचं?

घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं. सून ऊर्मी मान खाली घालून आत गेली. अमोघनं आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला, "आई, ऊर्मीचे दिवस भरत आलेत. बाळाजवळ तू हवीस. सरळ म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. वाटलं, दोन प्रकरणं वाचून तूच सोडून देशील. तुझं मनही दुखणार नाही."

"मन दुखणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "अरे, घरी राहा म्हणाला असतास तर मी भांडले असते, आणि नातवंडासाठी राहिलेही असते. तू मला माझ्याच तोंडून मठ्ठ म्हणवून घेतलंस. मी रोज स्वतःला म्हणत होते, आणि तू शेजारी बसून ऐकत होतास."

अमोघचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. उद्याच आणतो, खरंच सोपं, चांगलं पुस्तक."

"आणशील," बाई म्हणाल्या. "पण ते चांगलं आहे हे मला कोण सांगणार?"